निळ्या चिंधीचा तुतवार

गावी घरात देवऋषी आला की मी दप्तर घेऊन घाटावर जाऊन बसायचे. अंगात येणं, उतारे, असलं काही मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण संकोचापेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहितेय.

२००६ चा ऑगस्ट संपत आला होता. मी इंग्लंडमध्ये एमएससी करत होते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे अण्णा, भीमेत मासे धरतात. मी स्लाऊला खोली घेतली होती आणि प्रबंधासाठी थेम्सकाठी पक्षी मोजत होते. तिथे उन्हाळा सरायच्या आतच नदीवरचे पक्षी दक्षिणेकडे निघतात. कोण किती लवकर निघतं, हाच माझा विषय.

जोडीला रोहन होता, माझ्याच वर्गातला. जन्म लंडनमधल्या एजवेअरचा, आजोबा साताऱ्याचे, मराठी मोडकंतोडकं. कामाची पद्धत ठरलेली — एकाने टेलिस्कोपमधून बघून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने फॉर्मवर लिहायचं. थोड्या वेळाने अदलाबदल.

त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी समोरच्या गोट्यांवर एक तुतवार उतरला. शेपूट खालीवर नाचवत फिरणारा छोटा पाणपक्षी. आमच्या भीमेवरही ऑगस्टपासून हिवाळाभर असतो.

"ए, त्याची पायाला काहीतरी बांधलीय," रोहन म्हणाला.

"रिंग असेल." पक्षी ओळखता यावा म्हणून पायात कडं घालतात, ते.

"नाही गं, कापड! ब्लू चेक्स. वरून ऑरेंज स्ट्रिंग. कोणी ड्रेसिंग केली काय त्याला?"

मी हसत हसत तसंच लिहिलं. मग मीही डोळा लावला. उजवा पाय, निळ्या चौकडीची चिंधी, नारिंगी दोरा. पक्षी उडाला.

दुपारी आमच्या गावातल्या दुकानात फोन लावून अण्णांना बोलावून घेतलं. इकडचं तिकडचं झालं आणि ते म्हणाले, "अगं, आज तुझा शेपूट नाचव्या आला की! सकाळी सहाला जाळं काढाय गेलो तर त्यात अडकलेला. पाय कापला होता बिचाऱ्याचा. माझ्या लुंगीची चिंधी बांधली, वरनं जाळ्याचाच दोरा गुंडाळला, दिला सोडून."

"कसला दोरा, अण्णा?"

"नारिंगी. दुसरा कुठला असतोय आपल्याकडं?"

त्यांची लुंगी निळ्या चौकडीची. तिकडचे सकाळचे सहा म्हणजे इंग्लंडमधले रात्रीचे दीड. सातला दहा मिनिटं... सहा तासही नाहीत! आणि भीमेवरचा तुतवार थेम्सवर येतच नाही, ते पक्षी वेगळ्या वाटेचे.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी रोहनबरोबर फॉर्म देताना मी हे सगळं आमच्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं. मला वाटलं, नोंद करायची तर पूर्ण खरं सांगावं!

बाईंनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, "तू घरापासून लांब आहेस. वडिलांशी बोललीस आणि मग ही ओळ लिहिलीस, असं तर नाही ना?" मग रोहनकडे वळल्या. "तू पाहिलंस?"

रोहन खाली बघत म्हणाला, "नाही नीट. तेव्हा टेलिस्कोपवर ती होती."

बाईंनी ओळीवर रेघ मारली, शेजारी 'निरीक्षकाची चूक' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. सही नाही तर सगळे फॉर्म बाद, म्हणजे उन्हाळाभराचं काम गेलं. मी सही केली.

बस स्टॉपवर मी रोहनला धरलं. "खोटं का बोललास?"

"अगं यार, मला पण रेफरन्स पाहिजे तिच्याकडून. आणि तू फादरचं सांगितलीस कशाला? गप्प बसली असती तर नुसती चिंधी पास झाली असती!"

म्हणजे अर्धं खरं चाललं असतं. पूर्ण खरं सांगितलं म्हणून मी खोटी!

बसमध्ये बसल्यावर फॉर्मची कार्बन कॉपी काढली. डोळे भरलेले, तरी दिसलं. ती ओळ माझ्या अक्षरात होती, आणि तिच्या लगतच्या वरखालच्या ओळीही माझ्याच, म्हणजे मागाहून घुसवलेली नव्हती. बघणारा लिहीत नाही. म्हणजे टेलिस्कोपला डोळा रोहनचा होता... आणि त्याला माझ्या अण्णांची लुंगी काय माहीत? पुरावा बाईंच्या टेबलावर, त्यांच्या पेनाखाली होता. त्यांना दिसला नाही, आणि मलाही वेळेवर सुचला नाही. परत जाऊन सांगायचं धैर्य तर नव्हतंच.

पुढच्या फोनवर अण्णांनी विचारलं, "आपला पक्षी लिहिलास का गं वहीत?"

"लिहिला," मी म्हटलं. रेघेचं नाही सांगितलं.

तो पक्षी तिथे कसा आला, मला आजही माहीत नाही. बुद्धीला पटेल असं काहीच सापडलेलं नाही, आणि भुताखेतांवर मी अजूनही ढकलणार नाही. पण ती कार्बन कॉपी मी जपून ठेवलीय. निरीक्षकाची चूक म्हणे! त्या ओळीपुरती निरीक्षक मी नव्हतेच. मी फक्त, सांगितलं तसं लिहिलं होतं.