फुलपाखराची अंडी शोधणारी रत्नाक्का

मी जिला अशिक्षित म्हणून लिहिलं, ती बाई आज सकाळी गेली.

रत्नाक्का. आमच्या गल्लीतली. भालकीच्या एका नर्सरीत रोजंदारीवर होती.

तिचं काम काय, तर लिंबाच्या रोपांवरची फुलपाखराची अंडी शोधून नखानं काढून टाकायची. अळीनं खाल्लेलं रोप कुणी घेत नाही.

बी.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट होता, फुलपाखरं अंडी घालायला जागा कशी निवडतात. मी वही घेऊन आठवडाभर तिथं बसले. एक अंडं सापडलं नाही.

शेवटी तिनंच हटकलं.
"अगं शाने, जून पानात काय बघायलीस? फुलपाखराच्या लेकराला दात तरी हाईत का?"

मग तिनं दाखवलं.
काळं-पिवळं फुलपाखरू पानावर टेकतं, पुढच्या पायांनी चाचपतं, उडतं. दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. पायानं चव घेतीया, म्हणाली. मी हसले. पुस्तकात बघितलं तर तेच.

कोवळी पालवी. उन्हातली रोपं. एका जागी बहुतेक एकच अंडं. सगळं तिनं सांगितलेलं.

आणि सांगता सांगता ती अंडी चिरडायची. मी चिडायचे. कामून मारतीस अक्का, जीव आहे त्याला.
"व्हय. मलाबी हाय."

रिपोर्टमध्ये मी "निरीक्षणानुसार" असं लिहिलं. कुणाच्या, ते नाही. मजुरांची नावं घालत नसतात, असं प्रोजेक्टचे सर म्हणाले. मी मान हलवली.

वर स्वतःच्या अकलेनं शेवटी एक वाक्य टाकलं : "नर्सरीतील अशिक्षित कामगारांमध्ये जागृती करणे गरजेचे आहे."

फर्स्ट क्लास आला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. रत्नाक्का आली नि म्हणाली, वाचून दाखव की.
मी ते वाक्य सोडून वाचलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली,
"हे समदं तुला कोण सांगितलं म्हणून कुणीच इचारलं न्हाई व्हय?"

मी तिच्या हातावर पेढा ठेवला.

आज तिच्या मातीहून, अंत्यविधीहून, आल्यावर सरांना फोन केला. ते वाक्य काढता येईल का? तिचं नाव घालता येईल का? बाइंडिंग होऊन लायब्ररीत गेलंय, म्हणाले. उगाच भावनेच्या भरात बोलू नकोस.

भावना कसली सर. संताप आहे. आणि त्या रिपोर्टवर नाव माझं आहे, त्यामुळे तो दुसऱ्या कुणावर काढताही येत नाही.

म्हणून इथं लिहिते. त्या प्रोजेक्टमधली सगळी निरीक्षणं रत्नाक्काची आहेत.
शेवटचं वाक्य तेवढं माझं.

अक्का, तुला शेवटचा नमस्कार.