बॅटरीवाल्यांनी थांबवलेला निबंध

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बॅटरीवाले म्हणत. गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. पुढे बिनपाण्याच्या बॅटऱ्या आल्या, दुकानाला कुलूप लागलं आणि ऐन पन्नाशीत ते इथे तंत्रज्ञ म्हणून चिकटले. बायको म्हणाली, "बॅटरी काही तुमची पाठ सोडत नाही."

इथली क्वांटम बॅटरी म्हणजे दोन आरशांमधला रंगाचा पातळ थर. त्यावर लेसरचा निमिषभराचा झोत सोडला की ती चार्ज व्हायची. विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की यातले रेणू सुटेसुटे नव्हे, तर सगळे मिळून प्रकाश शोषतात. म्हणून थर जितका दाट, तितका वेळ कमी. हे काही त्यांच्या पचनी पडेना. दुकानात एका चार्जरला चार बॅटऱ्या लावल्या की चौघीही रखडायच्या. पण आरसे पुसण्यात आणि झोत नेमका मध्यावर आणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दाट थर अपेक्षेच्या निम्म्या वेळात चार्ज झाला. मॅडम शोधनिबंध लिहायला बसल्या. बॅटरीवाल्यांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पातळ थर नेहमी सकाळी मोजत, दाट थर दुपारी. आणि दुपारपर्यंत लेसर तापलेला असे. दोन दिवस ते सकाळ-दुपार नुसता झोत मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मॅडमपुढे ठेवली.

"खात्री आहे तुमची?"

"दुपारी झोतच जोरात असतो, मॅडम. चार्जर जोराचा असला की बॅटरी लवकर भरणारच. त्यात तिचं काय कौतुक?"

मॅडमनी वही शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग त्यांनी निबंध बाजूला सारला. झोत स्थिर ठेवून, कधी दाट थर आधी तर कधी पातळ, असं सहा आठवडे सगळं नव्याने मोजलं. 'निम्मा वेळ' हवेत विरला. तरी दाट थर थोडा लवकर चार्ज होत होताच. फरक नखाएवढा, पण खरा. तेवढाच निबंधात गेला, आणि लेखकांमध्ये बॅटरीवाल्यांचं नाव लागलं.

घरी त्यांनी हे सांगितल्यावर बायकोने विचारलं, अशी बॅटरी बाजारात कधी येणार?

"आपल्या हयातीत तरी नाही."

"मग सहा आठवडे दुपारचे जेवायला का येत नव्हता?"

ते उठून हात धुवायला गेले.