तिची छापलेली कवळी

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. पोराजवळ नाही, भावकीत नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हा पण नाही — तिथं हात जोडले आणि दुसरंच काहीतरी बोलून परत आलो. तुम्हाला सांगतोय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. तरी लिहिताना मनात येतंच — वाचून हा माणूस मला चाकणच्या बाजारात गाठणार तर नाही ना? माझा स्वभावच तसला.

शाळा चौथीपर्यंत. मग गुरं, मग शेत. मग म्हाळुंग्यातल्या आमच्या शेतावर कंपनी उभी राहिली आणि तिथंच मी भट्टीवर लागलो. भट्टीतून निघालेला माल बघून पुढं सोडायचा, हे काम. साहेबानं ओके म्हणलं तरी मी हातात घेऊन, उलटा करून, वाजवून बघितल्याशिवाय सोडायचो नाही. मागं लोक म्हणायचे, हा सख्ख्या बापाला पण गेटवर तपासंल. मला त्याचं भूषण वाटायचं. अजून वाटतं. खोटं कशाला सांगू?

तर कवळी. आम्हा दोघांचे दात एकापाठोपाठ गेले — माझे तंबाखूनं, हिचे मिश्रीनं. हिचे, म्हणजे माझ्या मंडळीचे. आमची सून तळेगावला दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, कवळी सुनेच्या लॅबमध्ये बनते. तिथं नवीन मशीन आलं होतं. सून सांगायची — जबडा कॉम्प्युटरवर दिसतो, मशीनमध्ये पातळ रेझिन असतं, त्याच्यावर उजेड पडला की ते घट्ट होतं, आणि थरावर थर चढून कवळी छापून निघते. जुनी पद्धत वेगळी. मेणात दात लावायचे, प्लास्टरचा साचा करायचा, त्यात गुलाबी रेझिन दाबून भरायचं आणि साचा गरम पाण्यात शिजवायचा.

मला पहिल्या दिवसापासून संशयाचा वास आला. उजेडानं कधी काही घट्ट होतं का? लग्नपत्रिका छापतात, दात छापतात का? आणि आमच्याच घरात का आधी? सासू-सासऱ्यावर करून बघायचं आणि मग गिऱ्हाइकाला द्यायचं, असा डाव नसेल कशावरून?

"मामा, तुमची पण छापू का?" सुनेनं विचारलं.

"मला शिजवलेली कर," मी म्हणालो. "आगीची. तुझ्या उजेडाची तुझ्या सासूला घाल."

पोरीनं काही लपवलं नव्हतं, हे पण सांगून टाकतो. ती म्हणाली, छापलेली हातातून पडली तर लवकर फुटेल, शिजवलेली त्या मानानं दणकट. पण छापलेली टाळूला नीट बसेल — शिजवलेली गार होताना जराशी आकसते. मी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं माझ्या कानांना नको होतं.

दोन्ही आल्या. आणि — लिहायला जड जातंय — हिची बसली. जन्माची असावी तशी बसली. माझी वाजायची. बोलताना टक, चावताना टक. सून म्हणाली, डॉक्टरांकडं जाऊन घासून घेऊ. मी म्हणालो, घासायला काय झालंय? माझी उत्तम आहे.

ही मात्र पायरीवर बसून भाजलेल्या शेंगा खायला लागली. शेजारणीला तोंड उघडून दाखवायची. हसायची — तोंडाला पदर न लावता. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिचं हसणं मी नुसतं ऐकलं होतं. दिसलं तेव्हा पहिल्यांदा.

एकदा जेवताना म्हणाली, "अवो, जरा हळू चावा की. नातू म्हणंल, आजा घोड्यावर बसून जेवतोय."

सगळे हसले. सून पण हसली. मी पण हसायला गेलो — आणि टक झालं.

एवढ्यावरून? तुम्ही विचाराल. एवढ्यावरून राग आला, असं मी पण स्वतःला म्हणत नव्हतो. मी म्हणत होतो, हे बसणं खरं नव्हे. रंग उतरेल. काहीतरी विषारी सुटेल. मी तिच्या कवळीवर पाळत ठेवली. दुपारी ती कवळी वाटीत काढून झोपायची. मी उचलायचो, वास घ्यायचो, उन्हात धरायचो, नखानं कोरायचो. काही सापडेना. तुमच्या हाती कधी असा माल आलाय का, ज्यात खोट नाही म्हणूनच राग येतो?

अशाच एका दुपारी ती झोपली होती. मी चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. सुनेनं आम्हा दोघांना बजावलं होतं — उकळत्या पाण्यात घालायची नाही, दोन्हीतली कुठलीच नाही, वाकते. मी म्हणलं, परीक्षा घेऊ. आता परीक्षा म्हणजे दोन्ही घालायला पाहिजेत, हे कळायला काय शाळा लागते? माझी तोंडात होती. मी ती तोंडातच ठेवली.

इथपर्यंतचं मी स्वतःशी कबूल करत आलोय. म्हाताऱ्यानं परीक्षा घेतली, वस्तू वाकली, चूक झाली. इथं थांबलो असतो तर तुम्ही पण सोडून दिलं असतं.

पण पाण्यानं वाकली नाही. सांडशीनं बाहेर काढली तेव्हा जशीच्या तशी होती. जराशी पांढुरकी, बस. मी उलटी केली, सुलटी केली. आणि मग सांडशी दाबली. गरम होती तोवरच दाबली. जोरात नाही — जोरानं मोडली असती आणि मोडलेलं लपत नाही. बेतानं दाबली. नळाखाली धरली, वाटीत ठेवली. 

संध्याकाळी हिनं घातली तर डुगडुगायला लागली. दोन दिवसांत हिरडीला फोड आला. सुनेनं कवळी हातात घेऊन फिरवली. "आत्या, गरम पाण्यात पडली होती का?" विचारलं आत्याला, बघत होती माझ्याकडं. का मलाच तसं वाटलं? हिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "टाकली असंल तिनंच. भांडी घासताना तिला भान असतंय व्हय?"

हिनं कवळी परत वाटीत ठेवली. मग म्हणाली, "असंल बाई. पडली असंल माझ्याकडनं."

का म्हणाली? तिनं ती वाटी घासायच्या भांड्यांत कधी मिसळलीच नव्हती. हे तिला ठाऊक, मला ठाऊक. त्या दुपारी ती खरंच झोपली होती का? तेव्हापासून मी तिच्या तोंडावर शोधतोय. ती भात वाढते, चहा देते, पायाला तेल लावते. काही दिसत नाही. न दिसण्याचंच मला भ्या वाटतं.

सून म्हणाली, माप कॉम्प्युटरात आहे, परत छापते, अगदी तशीच निघेल. तशीच निघाली आणि तशीच बसली तर? मी म्हणालो, "तसली वस्तू परत घरात नको." घरात माझा शब्द चालतो. मग शिजवलेली करू म्हणाली, तर ही म्हणाली, मला आता दातच नको.

त्याला काही वर्षं झाली. पदर तोंडावर आला तो आलाच. लग्नात फोटोवाला हसा म्हणाला की ही मान खाली घालते. सून अजून मधूनच विचारते, "आत्या, करू का?" ही माझ्याकडं बघते. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. आणि माझी कवळी — ती मी कुणाला न सांगता डॉक्टरकडून घासून घेतली. आता वाजत नाही.

तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही. ती आत आहे, मघाशी जेवायला हाक मारली तिनं. माझ्या ताटात कडक भाकरी आहे. तिची दुधात भिजत घातलेली आहे.

मी उठतो. जेवून घेतो.