गवताच्या हद्दीचे दगड

"हात सुटतोय हो माझा!" ती बाई कड्याखालून ओरडत होती आणि तिचा नवरा वर उभा राहून मोबाइलमध्ये वाट शोधत होता. ती पुरुषभर खाली, पाऊल मावेल एवढ्या टप्प्यावर अडकली होती. त्याखाली थेट गावाची विहीर दिसत होती. मी जवळच गवत कापत होते. विळा टाकून धावले.

"इथून उतरायला सांगितलं कोणी?"

"आजी, खुणा आहेत ना," नवरा म्हणाला. "दगडावर दगड रचलेले. आम्ही त्याच धरून आलो."

ते दगड आमचे. डोंगरावरचं गवत घराघरांत वाटलेलं आहे. तीन दगड रचले की तिथे एकाची हद्द संपते. माझी शेवटची खूण कड्यावर आहे, कारण पुढे गवत नाही, नुसती हवा आहे. साहेबांना वाटलं, वाट तिथून खाली जाते.

या कातळाला नाव नाही. तरी डोंबिवलीची माणसं सकाळी घाम गाळत वर येतात. इथून खाडी दिसते, कारखान्यांची धुराडी दिसतात, मलंगगडाचे सुळके दिसतात. ते सगळं सोडून ही माणसं बोट दाखवतात, "ती बघ आपली बिल्डिंग!" घर बघायला घरातून निघायचं.

भाऱ्याची दोरी मी मोठ्या धोंड्याला गुंडाळली आणि टोक साहेबांच्या हातात दिलं.

"बसा. टाचा रोवा. मोबाइल खिशात."

दुसरं टोक घेऊन मी कातळाकडे तोंड करून अनवाणी उतरले आणि ते तिच्या कमरेला बांधलं.

"बूट काढ. एका हाताने धर मला."

"आजी, त्या बुटांना खास ग्रिप आहे," वरून आवाज आला.

"मग बुटांनाच वर घ्या. बाईला राहू दे इथे."

खाचांतल्या वाळलेल्या गवतावर बूट घसरतो, पायाची बोटं धरून राहतात. तिने एकेक बूट काढून खाली सोडला. आवाज यायला वेळ लागला, तशी ती रडायला लागली.

"माझ्या मुलीला सांगा हो..."

"वर जाऊन तूच सांग. उजवा पाय उचल. अगं, तो डावा!"

तिची टाच हातात धरून मी एकेका खाचेत बसवली. मधेच माझाही पाय सुटला. कोपर सोलून निघालं, पण खाच सापडली. मी बोलले नाही. तिला कळलं असतं तर दोघी खाली गेलो असतो.

ती वर पोचली. मागून मी. साहेबांनी दोरी सोडली आणि बायकोला म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस. मी होतो ना." मग माझ्याकडे वळले. "आजी, इथे बोर्ड लावायला हवा तुम्ही."

"गवताला?" मी विचारलं.

बाई माझ्याजवळ येऊन बसली. आपल्या ओढणीने माझं कोपर पुसायला लागली.

त्या दिवशी कड्यावर आम्ही तिघंच होतो. तिघंही जिवंत आहोत.