सात घरांची विहीर

नागपूरलगतच्या हुडकेश्वरला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बायजाबाई गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे बोट दाखवतात आणि नातीला सांगतात, "मेघा, तिथं आपलं वांग्याचं वावर होतं."

तरुणपणी त्या गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या शेतात निंदायला जायच्या. मजुरी ज्वारीत मिळायची, तीही हंगामापुरती. मग सीलिंगच्या कायद्यानं मालगुजाराची जास्तीची जमीन निघाली आणि सात भूमिहीन बौद्ध घरांना वाटली गेली. वाट्याला आलं ते नाल्याकाठचं मुरमाड रान. बायजाबाईंचे पती भैय्याजी ते पाहून खालीच बसले.

"इथं काय पिकन वं?"

"पाणी लागलं तं सारंच पिकन. खणून तं पाहू."

दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेली सातही घरं संध्याकाळी एकच विहीर खणायला लागली. काळा खडक लागला तशी दोन घरं निघून गेली. बायजाबाई आणि शेजारच्या गोपिकाबाई टोपल्या उचलत राहिल्या. उन्हाळा सरता सरता खडकातून पाणी फुटलं. निघून गेलेल्या दोन घरांना पाणी द्यायचं का, यावर भांडण झालं. बायजाबाई म्हणाल्या, "त्यायचीबी लेकरं हायेत. द्या पाळी."

मग वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर असं सारं बैलबंडीत भरून नागपूरच्या बाजारात जाऊ लागलं. हाती रोख पैसा आला आणि गावाचा रंगच बदलला. सुगीपुरतं उघडणारं किराणा दुकान बारा महिने चालू लागलं. पिठाची चक्की आली. एक शिंपी नागपूरच्या इतवारी बाजारातून कापड आणून इथंच शिवू लागला. मजूर मिळेनात म्हणून मालगुजारालाही मजुरी वाढवावी लागली. पोरी निंदणाऐवजी शाळेत दिसू लागल्या.

पुढं शहर सरकत आलं, एकेक वावर प्लॉट पाडून लेआउटमध्ये गेलं. भैय्याजी गेल्यावर मुलांपुढं बायजाबाईंचंही चाललं नाही, त्यांचंही वावर विकलं गेलं.

परवा गोपिकाबाई भेटायला आल्या. "काहून वं अशी उदास? घर तं मस्त हाये. लिफ्ट हाये, नळ हाये."

"हाये ना. पण करमत नाही वं मले."

दोघी दुपारभर मेघाजवळ जुनं आठवत बसल्या. एकदा मालगुजाराची सून पालक घ्यायला वावरात आली होती. तिच्या वाड्यावर या बायांना ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. बायजाबाईंनी तिला गोणपाटावर बसवलं आणि विहिरीचं पाणी तांब्याभर दिलं.

"पेली ती?" मेघानं विचारलं.

"गटागटा पेली," गोपिकाबाई म्हणाल्या, "आन् अजून मांगतलं."