सूर्यातलं लोखंड आणि नऊ कप चहा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीवर थांबले नाही, हे काकाचं दुखणं. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी लोखंडाची वाफ करून तिचा उजेड मोजते, हे कळल्यापासून त्यानं माझ्यासाठी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता.

"सूर्यात लोखंड किती, हे इथं बसून कसं कळते वं? कोन गेलतं वर मोजाले?" तो विचारायचा.

उत्तर द्यायची संधी चुलत बहिणीच्या लग्नाआधी आमच्या गावी, पिंपळगाव राजालाच मिळाली. आतल्या खोलीत दार लावून बाया सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळायच्या कणकेच्या शेवया, वळत होत्या, अन् गलका असा की छपरावरची कबुतरं उडाली. बाबा बाजारात मापारी. आयुष्यभर धान्य मोजलं, त्या दिवशी वाट्याला चहा आला. पण किती कप? दार उघडून विचारायची सोय नव्हती. जो आत डोकावेल, त्याच्या हातात कणकेचा गोळा येई.

काकानं कान दिला. "पंचवीस बाया हायेत."

"नऊ," मी म्हणाले.

"नऊ? फॉर्म भरशीन का चुकली तं?"

"भरीन."

जीभ बोलून गेली. पण हिशेब पक्का होता. आदल्या दिवशी दारोदार बोलावणं द्यायला मीच गेले होते. कोण येणार ते माहीत नव्हतं, पण एकेकीचा आवाज तिच्या उंबऱ्यावर सुटा ऐकलेला. आमची आत्या एकटी दहा जणींचा गलका करते. तिची जाऊ चौघींचा. तेवढा वजा केला, की उरलेला गलका सातच जणींचा.

"काका, सूर्याचा उजेड फोडला की काळ्या रेघा दिसतात, अणूनं उजेड गिळला तिथं. रेघ गडद म्हनून लोखंड लय, असं नसते. कधी अणूच आत्यासारखा असते, एकटाच लय उजेड गिळनारा. म्हनून एक अणू किती उजेड गिळते, ते अगोदर प्रयोगशाळेत मोजा लागते. मंग सूर्यातले अणू मोजता येतात."

"आत्याले सांगू का, तू तिले अणू म्हनली म्हनून?"

बाबांनी नऊ कप पाणी मोजून पातेल्यात ओतलं. थोडं थांबून दहावा ओतला.

"दहावा कोनाचा, बाबा?"

"तुह्या काकाचा."

चहा झाला. काकानं आपला कप आधीच उचलला अन् पायानं दार ढकललं. मी मोजलं. आत्या, तिची जाऊ... नऊ. अन् कोपऱ्यात, खाली मान घालून, भराभर सरगुंडे वळणारी शेजारची नवी सून. दहा!

"हारली!" काका ओरडला. "हा घे फॉर्म, भर!"

"तू काऊन बोलली नाहीस वं?" मी सुनेला विचारलं.

"मले कोनं बोलूच देल्लं नाही," ती म्हणाली.

खरं तर मलाच कळायला हवं होतं. सूर्यात हेलियम ढिगानं आहे, पण त्या काळ्या रेघांत तो आपली हजेरी लावत नाही. त्याला वेगळ्या वाटेनं शोधावं लागतं.

बाबांनी काकाकडे अन् माझ्याकडे पाहिलं. बाजारात दोन व्यापारी भांडले की पाहायचे, तसं.

"पोरगी एकानं चुकली. तू पंधरानं. मंग दंड कोनाले?"

असं म्हणून त्यांनी काकाच्या हातातला कप काढून घेतला आणि सुनेला दिला. गरम पातेल्याखाली ठेवायला काही हवं होतं. फॉर्म जवळच होता.