सोफ्याच्या पोटातली करडी

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या ठोकेकाकांचा राग नाकावर नाही, कानांवर असे. आधी पाळ्या लाल होत आणि मग आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. हलका स्पंज भरणाऱ्या दुकानदारांवर ते चिडत, "वरचं कापड तेवढं बदला, आतलं असू दे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर तर जास्तच. शांत असत ते फक्त काम करताना, कारण तेव्हा ओठांत बारीक खिळे धरलेले असत. "देवाने यांना खिळ्यांसकटच जन्माला घालायला हवं होतं," असं त्यांची बायको शेजारणींना सांगे.

एका दुपारी फोन आला. सोफ्यात मांजर शिरलंय, काढून द्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आत पांढराशुभ्र सोफा आणि त्याच्या दोन बाजूंना नवरा-बायको उभे. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी हे मांजर आणलं होतं. आणलं ते एका नर्सबाईंकडून. रस्त्यावरून सोडवलेली मांजरं कायमचं घर मिळेपर्यंत त्या स्वतःच्या घरी सांभाळायच्या. मांजरासाठी मऊ गादी आणली होती, घुंगराचा चेंडू आणला होता. त्या मांजरीने मात्र पहिल्याच दिवशी सोफ्याच्या तळाचं काळं कापड फाडलं आणि आत मुक्काम ठोकला. घरात कोणी नसलं की तेवढी खायला बाहेर यायची.

"अकरा दिवसांत एक धड फोटो नाही हो!" बायको म्हणाली. "मैत्रिणींना मुद्दाम बोलावलं, तर त्यांना नुसता सोफा दाखवला."

"दिसतच नाही तर मांजर हवंय कशाला?" नवरा म्हणाला. "तुम्ही तिला काढा आणि कापड पक्कं ठोकून टाका. संध्याकाळी परत करायचीय."

ठोकेकाकांनी सोफा कलता केला. स्प्रिंगांच्या मागे, पार कोपऱ्यात दोन डोळे होते. शेजारीच फरशीवर झाडू पडला होता, दांडा आतल्या बाजूला.

"हा कशाला?"

"हुसकायला. थोडं ढोसलं की निघेल असं वाटलं."

काकांचे कान लाल झाले. तोंडात खिळे नव्हते, तरी त्यांनी ओठ गच्च मिटले. आपण ओरडलो तर ती आणखी आत जाईल, एवढं त्यांना कळलं. "तुम्ही दोघं आतल्या खोलीत जा," ते दातांतून म्हणाले, "आणि मी हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नका."

त्यांनी तळाची एक पट्टी हळूच सोडवली, मांजरीला ज्या पेटीतून आणलं होतं ती पेटी भोकाला लावली, वर आपला शर्ट टाकून अंधार केला आणि बनियनवर तासभर बसून राहिले. शेवटी पेटी किंचित हलली. पेटीचं दार लावताना तिने मनगटावर एक लांबलचक ओरखडा काढला. "बरोबर केलंस," ते पुटपुटले. मग नवरा-बायकोला हाक मारली. "परत मीच नेऊन देतो. पत्ता द्या." मजुरी न घेताच ते जिना उतरले. आणखी दोन मिनिटं तिथे थांबले असते तर तो झाडू कोणाच्या तरी पाठीत बसला असता.

नर्सबाईंनी दार उघडलं, पेटी पाहिली आणि नाव-गाव न विचारताच सुरू झाल्या. "अकरा दिवस! अहो, पायमोजे तरी पंधरा दिवस वापरून बघतात माणसं! करडी लाजाळू आहे हे मी तीनदा सांगितलं होतं ना?"

"मी सोफेवाला आहे!" काका ओरडले.

"मग सोफेवाल्याने ओरडायचं काय कारण?"

"तुम्ही ओरडताय म्हणून!"

पेटीत काहीतरी धडपडलं, तशी दोघं एकदम गप्प झाली. काकांनी खालच्या आवाजात झाडूचं सांगितलं. ऐकता ऐकता नर्सबाईंनी पेटी जवळ ओढून घेतली. "यादीत पुढे एक कुटुंब आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही मांडीवर बसणारंच मांजर हवंय."

"मला द्या."

"तुम्हाला? तुमचा आवाज तीन मजले खाली जातो."

"आवाज मोठा आहे. झाडू नाही."

बाईंनी फॉर्म काढला. घरात कोण कोण, खिडक्यांना जाळी आहे का, मांजराकडून तुमची अपेक्षा काय?

"काही नाही."

"काहीतरी लिहावं लागेल."

"मग लिहा, काही नाही."

पंधरा दिवसांच्या बोलीवर करडी त्यांच्याकडे आली. मी येऊन पाहीन, पटलं नाही तर परत नेईन, असं बाईंनी बजावलं होतं.

पुढे कारखाना, मागे घर. कारखान्याच्या कोपऱ्यात एक जुनी आरामखुर्ची पडून होती. काकांनी तिच्या तळाला हातभर फट ठेवली. करडी आत गेली ती गेलीच. काकू तिथे वाटी ठेवत आणि मागे न बघता निघून येत. स्पंजवाल्याशी भांडायचं झालं तर काका आता फोन घेऊन रस्त्यावर जात. "माझ्याशी भांडताना कधी रस्त्यावर गेला नाहीत ते!" काकू म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी नर्सबाई आल्या. "कुठे आहे?"

"खुर्चीत."

"बोलवा की."

"ती बोलावून येत नाही. आम्हीही तिला अजून पुरती पाहिलेली नाही."

"मग मी सही कशावर करू? बरी आहे, आजारी आहे, मला कसं कळणार?" बाई खाली वाकल्या आणि त्यांनी मोबाइलचा दिवा लावला.

"तो आधी बंद करा!" काका ओरडले नाहीत, पण कान पेटले होते. "तुम्हालाही ती दिसायलाच हवी? मग त्या पांढऱ्या सोफ्यावाल्यांत आणि तुमच्यात फरक काय?"

"फरक असा, की तिचं काही बरंवाईट झालं तर रडणारी मी आहे!" बाईही चिडल्या. "आज दिसली नाही तर मी घेऊन जाणार."

पेटी त्यांनी सोबत आणलीच होती. काकू पदर चाचपत उभ्या राहिल्या. काका कामाकडे वळले. त्यांनी खिळे ओठांत धरले, समोरच्या स्टुलाचं कापड ताणलं आणि ठोकायला लागले.

"अहो, ठोकताय काय? बिचारी घाबरून मरेल!"

काकांचा हात थांबला. त्या शांततेत खुर्चीतून एक खरखर ऐकू आली. बारीक, एका लयीत. नर्सबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीला कान लावला.

"अंग चाटतेय," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरलेलं मांजर अंग चाटत नाही. माझ्याकडे चार महिने होती. माणसांच्या चाहुलीत एकदाही चाटलं नाही तिने."

काकांनी खुणेनेच विचारलं, मग?

बाईंनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला. 'मांजर प्रत्यक्ष पाहिले का?' या रकान्याशी पेन जरा अडखळलं. तिथे त्यांनी 'ऐकले' असं लिहिलं आणि खाली सही केली.

काकांनी खिळे तळहातावर काढले. "आभार वगैरे नंतर," ते म्हणाले. "आता निघा, आणि जाताना दार आपटू नका."